हार्बरकडे उडणारा पदर

मद्रासला वसंत नसतो, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे आणि मला त्याचा आता वीट आला आहे. त्यामागोमाग तो शिळा विनोद येतोच: इथे तीनच ऋतू, उकाडा, जास्त उकाडा आणि असह्य उकाडा. माझे वडील तो एग्मोरच्या त्यांच्या रेल्वे कचेरीतून घरी घेऊन आले. माझा धाकटा भाऊ मधू तो आजही नव्याने सुचल्यासारखा सांगतो, आणि लोक हसतातसुद्धा.

गेले काही आठवडे मी पहाटे सँथोमच्या किनाऱ्यावर येऊन वसंत शोधतो आहे. माघ सरत आला आहे. या वयात हे करणं सोपं नाही. पुतण्याच्या घरापासून इथपर्यंत रिक्षावाल्याशी हुज्जत घालत यावं लागतं. आल्यावर वाळूत पाय रुततात, काठी माझ्याआधी रुतते. चालायला आलेली मंडळी मोठमोठ्याने फोनवर बोलत जातात, घोडेवाला दर खेपेला "सार, घोडा?" असं विचारतो. मला या वयात घोडा कशाला हवा, हे त्याला कोणी समजावून सांगावं?

आईबरोबर यायचो तेव्हा इथे घोडे नव्हते. ओल्या जाळ्यांचा वास असायचा, सुकत घातलेल्या मासळीचा असायचा, आणि त्या दोन्हींच्या मधून, नाक तयार असेल तर, तिसरा एक वास. त्याच्यासाठीच आम्ही यायचो.

माझी आई वाईची. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, ते तंजावरचे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी घर. अप्पांची मराठी ऐकून आईला पहिली दोन वर्षं वाटत होतं की आपला नवरा पोथी वाचतो आहे. तिला इथलं सगळं जमलं. सांबार जमलं, पहाटे दारात कोलम काढणं जमलं, भाजीवालीशी तमिळमधून भांडणंही जमलं. जमलं नाही ते एकच. कृष्णाकाठी माघात पळस पेटायचा, पांगारा पेटायचा, सावरीची लाल फुलं घाटावर पटापट पडायची. इथे तसं कोणी काही पेटवत नाही, म्हणून ती अस्वस्थ व्हायची.

"एवढा मोठा देश," ती म्हणायची, "वसंत काय वाईलाच उतरून परत जातो?"

वसंतपंचमी झाली की दुसऱ्या दिवसापासून ती मला घेऊन किनाऱ्यावर यायची. लोक संध्याकाळी वारा खायला येत, आम्ही पहाटे. हळूहळू तिला खुणा सापडत गेल्या. वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीला पहिलं जांभळं फूल. कोळ्यांच्या झोपड्यांमागच्या करंजांची पानगळ, आणि मग एका आठवड्यात अंगावर आलेली तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी. रात्री अंडी घालून परत गेलेल्या कासविणीची, पाण्यापर्यंत गेलेली नक्षी. ती नक्षी दिसली की आई चप्पल काढायची आणि बाजूने चालायची. रांगोळीवर पाय पडू नये तशी.

पण तिची पक्की खूण वेगळी होती. ती पाण्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून उभी राहायची आणि खोचलेला पदर सोडून द्यायची. पौषात तो उजवीकडे उडायचा, अड्यारच्या दिशेला. वारा उत्तरेचा. माघात एक दिवस असा यायचा की पदर खाली लोंबत राहायचा, काय करावं ते त्याला कळायचं नाही. आणि मग एका सकाळी तो डावीकडे उडायचा, दूर हार्बरच्या क्रेन दिसत तिकडे. दक्षिणवारा. त्याच सकाळी, किंवा फार तर एकदोन दिवसांत, तो तिसरा वास यायचा. किनाऱ्याच्या रस्त्यावर एक जुना कडुलिंब होता. त्याला मोहर आलेला असायचा.

"आला," आई म्हणायची. बस्स, एवढंच. घरी जाताना तिचा चेहरा माहेराहून पत्र आल्यासारखा असायचा.

त्या कडुलिंबावरून आमच्या घरात पहिल्या वर्षापासून अडचण होती. वाईत पाडव्याला गुढीला कडुलिंबाचा डहाळा लागतो. तमिळ मुलखात कडुलिंबाचा जुडगा दाराला बांधला की त्याचा अर्थ एकच: या घरात देवी आल्या आहेत, कोणी आत येऊ नका. तेव्हा देवी खरंच येत. दाराला ती पानं दिसली की दूधवाला तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवून जायचा, पोस्टमन लांबून हाक मारायचा, शेजारचे आपल्या घरात फोडणीसुद्धा देत नसत. तेव्हा अप्पांनी आईला पहिल्याच पाडव्याला अट घातली होती. गुढी उभारायची, पण मागच्या गच्चीत, आणि रस्त्यावरून एक पानही दिसता कामा नये.

आईने ती अट पाळली. दरवर्षी पाळली. गुढीची काठी म्हणजे एरवी उंच दांडीवर ओल्या साड्या टाकायची काठी. त्या दिवशी ती धुऊन तिला हळदकुंकू लागायचं, रेशमी खण, उलटा तांब्या. साखरेच्या गाठी इथे मिळत नसत म्हणून आई खडीसाखर दोऱ्यात ओवायची, आणि दोरा निसटला की मधू टपलेला असायचा. गच्चीत ऊन यायच्या आत गुढी उभी राहायची, कठड्याच्या आड, जरा वाकलेली. चोरून आणलेल्या पाहुण्यासारखी.

आता ती गोष्ट. ती आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. लग्नात सांगतात, बारशाला सांगतात, आणि नुकत्याच सरलेल्या पौषात रुक्कूआत्याच्या पहिल्या मासिक श्राद्धाला, पानं उठायच्या आत, मधूने ती पुन्हा सांगितली.

रुक्कूआत्या म्हणजे अप्पांची सर्वांत धाकटी बहीण. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, म्हणून आत्या कमी आणि ताई जास्त. एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. मी कॉलेजात होतो, ती शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचं शेवटचं वर्ष करत होती. कुंभकोणमचं एक स्थळ तिला पाहायला येणार होतं. लाकडाच्या वखारीचं घर, आमच्यासारखंच तंजावरी मराठी. शुभ दिवस म्हणून पाडवाच ठरला होता.

मधू सांगतो ती गोष्ट अशी: अप्पा पाहुण्यांना आणायला एग्मोर स्टेशनवर गेले. टॅक्सी करून त्यांना घराशी आणलं. पाहतात तो दारावर दोन्ही बाजूंना कडुलिंबाचे हे एवढे जुडगे. आमच्या वाईच्या आईने, वाईत करतात म्हणून, गुढीचा कडुलिंब दारालाच बांधून ठेवलेला. मुलाचे काका टॅक्सीतून उतरेनात. अप्पा म्हणतात, "घरात अस्के बरे आहेत," म्हणजे सगळे. काका म्हणतात, "असूं दे, असूं दे, देवीची इच्छा." अप्पा जितकं शपथेवर सांगतात तितका काकांना संशय येतो, की हा माणूस लपवतो आहे. शेवटी टॅक्सी वळली आणि पाहुण्यांबरोबर अप्पांची छत्रीही कुंभकोणमला गेली. इथे मधू अप्पांचं टॅक्सीमागे धावणं करून दाखवतो. त्याला आता गुडघ्यांचा त्रास आहे, तरी करून दाखवतो. सगळे हसतात. शेवटी कोणीतरी म्हणतं, "आज्जी ग्रेटच होती," आणि गोष्ट संपते.

ती तिथे संपत नाही. ती तशी घडलीच नाही.

त्या पाडव्याच्या पहाटे आईने मला कडुलिंब आणायला किनाऱ्यावर पाठवलं. "मोहरासकट एक डहाळी आण. एकच. झाडाला ओरबाडू नकोस." मी निघालो तशी रुक्कूआत्या मागून आली. पाहायला येणार म्हणून तिला न्हाऊ घातलं होतं, केस ओलेच होते. कडुलिंबाखालच्या वाळूवर बसून तिने मला एक गोष्ट सांगितली. काय सांगितली ते मी इथे लिहिणार नाही, ती तिची होती. समुद्र अगदी शांत होता. दक्षिणवारा सुटलेला होता आणि कडुलिंबाचा मोहर तिच्या ओल्या केसांवर पडत होता, आणि ती तो काढत नव्हती. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू उंच आहेस. वरच्या फांद्या तोड."

"एकच डहाळी सांगितली आहे."

"वैनीला एक दे. बाकीच्या मला पायजेत."

मी सतरा वर्षांचा होतो, मद्रासला वाढलेला. दारावरच्या कडुलिंबाचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी फांद्या तोडल्या. हातांना लागलेला तो कडू हिरवा वास मला आत्ता, हे लिहिताना येतो आहे.

आई स्वयंपाकघरात केसरी, म्हणजे इथला केशरी शिरा, ढवळत होती. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास घरभर होता, आणि गच्चीत तिची गुढी होती, कठड्याच्या आड, अटीप्रमाणे. अप्पा स्टेशनवर गेलेले. रुक्कूआत्याने नवी रेशमी साडी नेसल्या अंगाने स्टुलावर चढून दाराच्या दोन्ही बाजूंना जुडगे बांधले. स्टूल मी धरलं होतं. खाली उतरून तिने हात झटकले आणि म्हणाली, "आता तू कांही पाहिलेलं नाहींस."

मला त्या क्षणी फार मजा वाटली होती. हे लिहायला हवं, कारण लोकांना वाटेल मी घाबरलो होतो.

टॅक्सीचं मधू सांगतो ते बरंचसं खरं आहे. छत्रीचंही. पण त्यानंतर अप्पा घरात आले ते तो सांगत नाही, कारण तेव्हा तो मागे खडीसाखर खात होता. अप्पांनी ते जुडगे ओढून काढले आणि स्वयंपाकघरात आईच्या पायाशी टाकले. आई हातात कालथा घेऊन उभी राहिली. बाहेर शेजारच्या पार्वती मामी लांबून विचारत होत्या, "अय्यो, कोणाला हो? पोरांना का?"

"तुज किती वेळ सांगितलों," अप्पा म्हणाले, "हें वाई नव्हें."

"मी गच्चीत बांधला," आई म्हणाली. "जाऊन बघा. मी दाराला कशाला बांधीन?"

"मग दारावर काय आपोआप उगवला?"

आईने रुक्कूआत्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांना अजून चीक होता. मी हात मागे घेतले.

केसरी खाली लागली. करपल्याचा वास आला, तेव्हा आई वळली आणि भांडं उतरवायला लागली. ती त्यावर पुढे एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिला कळलं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणी विचारलं तर कळलं होतं म्हणावं, म्हणजे ऐकणाऱ्याला बरं वाटेल. मला खरंच माहीत नाही.

जरा अक्कल असलेल्या कोणालाही समजलं असतं, की जी बाई इतकी वर्षं कठड्याच्या आड गुढी वाकवून उभी करते, ती ऐन पाहुण्यांच्या दिवशी दारावर जुडगे बांधणार नाही. अप्पांना समजलं नाही. आजवर ही गोष्ट ऐकून हसलेल्यांपैकी एकालाही समजलं नाही. इतकी साधी गोष्ट. पण "बाहेरून आलेली सून" असं एकदा म्हटलं की माणसं विचार करायचं थांबवतात, मग ती बाहेरची सून कितीही वर्षं आत असो.

पुढच्या पाडव्याला आईने काठी धुतली नाही. कोणी तिला मनाई केली नव्हती. अप्पांनीच उलट सकाळी विचारलं, "गुढी नाही?" ती म्हणाली, "राहू दे यंदा." त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही. काठीवर नुसत्या साड्या वाळत राहिल्या. माघात मी एकदा म्हणालो, आई, किनाऱ्यावर जाऊ या, वारा फिरला असेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मद्रासला कुठला आलाय वसंत."

अप्पांनी ते ऐकलं आणि खूष होऊन तीन ऋतूंचा विनोद सांगितला. ती हसलीसुद्धा.

रुक्कूआत्याचं लग्न पुढे झालं नाही, तिने होऊ दिलं नाही. शाळेत लागली, मुख्याध्यापिका झाली. दर पाडव्याला ती आईसाठी साडी घेऊन यायची, चांगली, कांचीपुरमची. आई म्हणायची, "कशाला उगाच." मी दोघींकडे बघत बसायचो. एकदा तिला बसस्टॉपवर सोडायला गेलो असताना म्हणालो, आता तरी सांगून टाक. अप्पा गेले होते, कुंभकोणमचे काकाही गेले असतील. ती म्हणाली, "आतां कशाला? वैनी विसरलीसुद्धा असेल." मला तिचा असा राग आला की बस येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. पण माझंही तोंड होतंच की. आई त्यानंतर कितीतरी वर्षं होती, रोज माझ्यासमोर होती. मी आत्याला शब्द दिला होता म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. शब्दाचं मोठं सोयीचं असतं. तो पाळताना आपण भित्रे दिसत नाही.

आई गेली. दहाव्याला आत्या मला म्हणाली, "मी गेल्यावर सांग." यंदा मार्गशीर्षात तीही गेली.

म्हणून पौषातल्या त्या मासिकाला, मधूचं टॅक्सीमागचं धावणं चालू असताना मी म्हणालो, "थांब. ते आईने बांधलं नव्हतं." आणि सगळं सांगितलं. स्टूल, साडी, माझे हात.  इतकी वर्षं मनात घोळवलेलं एकदा सांगितलं की हे घर आईची माफी मागेल, निदान एक मिनिट गप्प तरी बसेल, असं मला वाटलं होतं.

मधूने मांडीवर थाप मारली. "वा रुक्कूआत्या! आधी का नाही सांगितलंस? ही तर कितीतरी भारी गोष्ट आहे."

मग काय विचारता. आत्या काळाच्या पुढे होती, आत्या वाघीण होती, तिच्या फोटोला आणखी एक हार आला. कोणीतरी माझं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू लागलं. "काका, तो स्टुलाचा भाग परत." मी म्हणालो, "अरे, पण आई?" मधू म्हणाला, "आईचं काय? ती कधी काही मनाला लावून घ्यायची नाही." आणि पायसम वाढायला उठला. माझ्या आईला एका विनोदातून सोडवून आणलं, तर दुसऱ्या गोष्टीत तिला जागाच उरली नाही. मी हात धुवायला आत गेलो, कारण मला तिथे बसवेना.

मोरीपाशी मृणाल पेले विसळत होती. मधूची सून, लग्नाला दोनतीन वर्षं झालेली, नाशिकची. माझा पुतण्या ओरगडमच्या मोटार कारखान्यात आहे, तो पहाटेच्या बसने जातो आणि ही दिवसभर फ्लॅटमध्ये यूट्यूबवरून तमिळ शिकते. तिने नळ बंद केला.

"मोठे काका, मग त्यांनी परत कधी गुढी उभारली?"

"नाही."

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. "आणि समुद्रावर?"

"गेली नाही."

"शी," ती म्हणाली. एवढंच. पण इतक्या वर्षांत माझ्या आईसाठी कोणी काढलेला तो पहिला उद्गार होता.

तेव्हापासून मी इथे येतो आहे. पुष्कळ काही गेलं आहे. झोपड्यांमागचे करंज गेले, तिथे इमारती आहेत. मर्यादवेल आहे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून वाट काढत. जुना कडुलिंब मात्र उभा आहे. त्याच्याभोवती चौथरा झाला आहे, देवीची लहानशी मूर्ती बसवली आहे, खोडाला पिवळं वस्त्र आहे आणि फांद्यांवर रंगीत दिव्यांची माळ. पान तोडू देत नाहीत. बरंच झालं. तेव्हाही कोणी तोडू द्यायला नको होतं.

काल मी पाण्याच्या कडेला हातरुमाल धरून वारा पाहत होतो, तर घोडेवाल्याला वाटलं त्यालाच बोलावतो आहे. घोडा घेऊन तो धावत आला. रुमाल नुसता लोंबत होता.

आज मृणाल बरोबर आली. सूर्य वर यायच्या बेतात होता. ती वाटेत विचारत होती की कडुलिंब तोडू देत नाहीत तर पाडव्याला आणायचा कुठून. मी म्हणालो, बाजारात मिळतो. "आणि बांधायची कुठे गुढी? आपल्या बाल्कनीतून तर सगळा रस्ता दिसतो. वॉचमन विचारेल, घरात कोण आजारी आहे."

"विचारू दे," मी म्हणालो. "सांगू त्याला."

पाण्याशी आल्यावर तिने विचारलं, "आता काय करायचं?"

"समुद्राकडे तोंड कर. ओढणीचं एक टोक सोडून दे."

तिने सोडलं. आधी ते खालीच लोंबलं. मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होतो. माझी नजर आता लांबचं धरत नाही, आणि समोरून ऊन येत होतं.

"कुणीकडे चालली?" मी विचारलं.

"थांबा हं," ती म्हणाली. मग मान वळवून तिने डावीकडे पाहिलं. "काका, त्या तिकडे क्रेन दिसतात ना, तिकडे."

रस्त्याच्या बाजूने कडू-गोड वास आला. मी तो शब्द उच्चारणार होतो, पण तो माझा नव्हता. थोड्या वेळाने तीच म्हणाली.

"आला."